एका ओढ्याचे दोन आकडे

ओढा एक, सकाळ तीच, बाटल्या शेजारी शेजारी बुडवलेल्या. आणि तरी ताईच्या लॅबचा आकडा माझ्या आकड्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. एकदा नव्हे, दरवेळी. माझ्याकडे साठ आले की तिच्याकडे चाळीस, माझ्याकडे तीस आले की तिच्याकडे वीस. वर्षभर हाच खेळ चालला होता, आणि खरा आकडा कुणाचा हे ठरेपर्यंत माझे आकडे फायलीतच पडून होते. कुठेतरी पाणी मुरतंय, हा विनोद माझ्या ऑफिसातल्या प्रत्येकाने एकेकदा करून घेतला होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की तो त्यालाच सुचला.

ओढ्याच्या वरच्या अंगाला फळबागा आहेत. तिथे फवारलेलं कीटकनाशक वाहत वाहत खाली येतं. खालच्या गावाच्या पाणीपुरवठा केंद्रात ताईची दोन खोल्यांची लॅब आहे. बावीस वर्षं ती त्या ओढ्याचं पाणी मोजतेय. मी शहरातल्या नव्या, मोठ्या लॅबमध्ये. ताई पाण्यात सॉल्व्हंट घालून काचेच्या नरसाळ्यात हलवते, म्हणजे विष पाणी सोडून सॉल्व्हंटमध्ये येतं. आम्ही पाणी एका बारीक नळीतून गाळतो आणि नळीत अडकलेलं विष सॉल्व्हंटने सोडवून घेतो. वाटा दोन असल्या तरी पोचायचं एकाच ठिकाणी. निदान कागदावर तरी तसंच होतं.

आता वरच्या समितीला ओढ्याची एकच सलग नोंद हवी होती. गुरुवारी बैठक. नियम सरळ होता: दोन पद्धतींतल्या फरकाचं कारण कळलं, तर जुन्या आकड्यांना गुणक लावायचा आणि ते ठेवायचे. कारण कळलं नाही, तर एका लॅबचे आकडे काढून टाकायचे. कुणाचे, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आमच्याकडे नवीन मशीन होतं, भिंतभर प्रमाणपत्रं होती. ताईच्या बावीस वर्षांपुढे "फरकाचं कारण अज्ञात" असा शेरा पडणार आणि तिच्या सगळ्या कामावर पाणी फिरणार. परीक्षानळी हातात कशी धरायची हे मला जिने शिकवलं, तिच्या कामावर. माझ्या आकड्यांमुळे.

मला तसंही स्वस्थ बसणं जन्मापासून जमलेलं नाही. ताईने लहानपणीच माझं नाव भिंगरी ठेवलं, ते अजून सुटलेलं नाही. त्या आठवड्यात तर मी चहा गाळायला घ्यायची आणि अर्ध्यात सोडून कपाटं आवरायची, कपाट उघडं टाकून फोन उचलायची. फोन ताईलाच असायचा. पद्धतीची एकेक पायरी आम्ही ताडून पाहिली होती.

"बाटली काचेची?"

"काचेची. आणि कसली असणार, मातीची?"

"झाकणाला आतून अस्तर?"

"आहे."

"सॉल्व्हंट?"

"तुझाच तो. तुझ्याच दुकानातला."

"पाणी ओतल्यावर बाटली सॉल्व्हंटने विसळतेस ना?"

"विसळते की! मला काय गबाळी समजलीस?"

मग माझे प्रश्न संपायचे आणि तिचा आवाज बारीक व्हायचा. शेवटी मंगळवारी मी रजा टाकली, माझ्या लॅबच्या कोऱ्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि तिच्या गावाची बस धरली. बसमध्ये शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं की उतरायचंय का. मी सारखी उठत होते म्हणे.

दार ताईनेच उघडलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग खणखणणाऱ्या पिशवीकडे.

"तपासणी का?"

"नाही गं. भेटायला आले."

"भेटायला येणारी माणसं खाऊ आणतात. बाटल्या नाही."

भावोजी पेपर वाचत होते, ते पेपरामागे गेले. त्या घरात पेपर वाचण्यापेक्षा लपायलाच जास्त उपयोगी पडतो. स्वयंपाकघरात ओट्यावर एक थेंब नव्हता. भांडी उतरत्या क्रमाने पालथी घातलेली, फडकं घडी करून नळावर टाकलेलं. ताईच्या स्वच्छतेपुढे पाहुण्यांना पाणी पिऊन पेला खाली ठेवायची भीती वाटते. मी ठेवला आणि तिने तो लगेच उचलून धुतला.

"ताई, गुरुवारच्या आत कारण सापडायला हवं."

"कारण मला ठाऊक आहे. तुमचं मशीन जास्त दाखवतं. नवी मशीनं उत्साही असतात."

"तसं असतं तर साध्या पाण्यातही जास्त दाखवलं असतं. आम्ही तपासलंय."

"मग माझा हात वाईट. लिहून टाका एकदाचं, आणि मला जेवायला बसू दे."

ती बसली नाहीच. उभ्या उभ्या दोन घास खाल्ले आणि ओटा परत पुसायला घेतला. मला तिचा राग आला होता. तिची कीवही आली होती, आणि ती आली म्हणून स्वतःचा त्याहून जास्त राग आला होता. ताईची कीव करणारी मी कोण?

सकाळी तिने मला लॅबमध्ये येऊ दिलं, पण हात लावायचा नाही या अटीवर. केंद्राच्या मागच्या बाजूला त्या दोन खोल्या. एकीत कुरकुरणारं जुनं मशीन, दुसरीत पांढऱ्या फरशीचं लांब टेबल, खिडकीत घुर्र घुर्र करणारा पंखा, आणि सगळ्या भिंतीभर फळ्यांवर पालथ्या घातलेल्या बाटल्या. इतक्या स्वच्छ बाटल्या मी आमच्या प्रमाणपत्रांच्या भिंतीखालीही पाहिलेल्या नाहीत. ताईने इस्त्रीचा एप्रन चढवला. त्या आठवड्याच्या सॅम्पलच्या उरलेल्या बाटल्यांतली एक फ्रीजमधून काढली, हलवली, लेबल वाचलं, पुन्हा वाचलं. मी डावीकडून बघत होते, मग उजवीकडून, मग खुर्चीवर चढून वरून.

"भिंगरी, एका जागी उभी राहा. माझा हात हलतोय तुझ्यामुळे."

तिचा हात हलत नव्हता. बाटलीतलं पाणी नरसाळ्यात इतकं अलगद गेलं की काठावर एक थेंब ओघळला नाही. तिने सॉल्व्हंट मोजून घातला, नरसाळ्याला बूच लावलं, हलवलं, मधून मधून वाफ सोडली. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. माझ्या मनात वहीभर शंका होत्या, त्यातली एकही टिकत नव्हती. नरसाळं स्टँडवर स्थिरावायला ठेवून ती रिकाम्या बाटलीकडे वळली. बाटलीत थोडा सॉल्व्हंट ओतला, मनगटाने छान गोल फिरवला, बाटली उजेडात धरून पाहिली, आणि तो सॉल्व्हंट टेबलाखालच्या निळ्या डब्यात ओतून दिला.

"ताई, हे काय केलंस?"

"काय केलं?"

"आत्ता. बाटलीचं."

"विसळली."

"आणि सॉल्व्हंट?"

"डब्यात. मग काय पिऊ?"

"म्हणजे तू विसळून टाकतेस?"

"विसळून टाकतातच ना! तू काय करतेस?"

"मी विसळून घेते."

ती बाटली हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. तिला समजायला फार वेळ लागला नाही, ताई आहे ती. हे कीटकनाशक पाण्यात नाखुशीने राहतं. संधी मिळाली की काचेला बिलगतं. तेलाची वाटी कितीही उपडी केली तरी वाटीला तेल राहतंच, तसं. म्हणून बाटली सॉल्व्हंटने विसळायची ती त्या तेलासाठी, आणि तो सॉल्व्हंट पाण्यातच मिसळून मोजायचा. ताई विसळत होती ती बाटली स्वच्छ व्हावी म्हणून. आणि फोनवर ती मोठ्या तोऱ्यात म्हणत होती, "विसळते की!" घेतेस की टाकतेस, हे विचारायचं ना मला सुचलं ना तिला. विसळणं म्हणजे विसळणं, त्यात विचारायचं काय?

"असं नसेल," ताई म्हणाली.

"पाहूया की."

मग मला हात लावायची परवानगी न मागताच मिळाली. त्याच सकाळी ओढ्यावर भरलेल्या आणखी दोन बाटल्या फ्रीजमध्ये होत्या. आम्ही पाणी वेगळं काढलं आणि विसळलेला सॉल्व्हंट वेगळा ठेवला. दोन्ही तिच्याच मशीनवर लावले. मशीन म्हातारं, एकेका सॅम्पलला चहा पिऊन होईल इतका वेळ घेतं. मी दारापर्यंत जाऊन परत येत होते, पंख्याची दोरी ओढत होते, सोडत होते. ताई सिंकशी उभी राहून धुतलेल्या बाटल्या पुन्हा धूत होती. पाण्याचा आकडा आला, बेचाळीस. विसळलेल्याचा आला, एकवीस. दुसऱ्या बाटलीचंही जवळपास तेच. मी माझ्या लॅबला फोन लावून त्याच सकाळचा आमचा आकडा विचारला. चौसष्ट.

"सापडलं!" मी ओरडले. खरोखर उडी मारली. "ताई, मेळ बसला! बेचाळीस आणि एकवीस त्रेसष्ट. तुझी पद्धत चोख आहे, मशीन चोख आहे. फक्त दीडचा गुणक लावायचा. तुझी सगळी वर्षं वाचली!"

ताईने नळ बंद केला.

"मर्यादा किती आहे गं ओढ्याची?"

"पन्नास."

"माझी बहुतेक वर्षं चाळीस-बेचाळीसची आहेत."

माझी उडी तिथेच मेली. चाळीसची दीडपट मी मनात केली. साठ. कारण सापडल्याच्या आनंदात मी इतकी आंधळी झाले होते की गुणाकार कुठे जाऊन पोचतो हे मला दिसलंच नव्हतं. बावीस वर्षं ताईने "मर्यादेत" लिहून सही केली होती. त्यातली बहुतेक वर्षं ओढ्याचं पाणी मर्यादेबाहेर होतं, आणि जेवढं बाहेर होतं तेवढं ती निळ्या डब्यात ओतत होती.

"उद्या तू सांगायचंस की कारण कळलं नाही," ती म्हणाली.

"ताई!"

"माझे आकडे काढून टाकू देत. अज्ञात तर अज्ञात. जुन्या पद्धतीची बाई होती, आकडे जुळले नाहीत, संपलं. त्यात निदान मला तोंड दाखवायला जागा राहते."

"आणि ओढ्याचं काय? पुढचं सगळं ठरणार ते याच नोंदीवरून. आमची लॅब कालची आहे. मागचं सांगायला तुझ्याशिवाय कोण आहे?"

"तुला काय जातंय बोलायला? तू बस धरून निघून जाशील. मला इथल्या दुकानात जायचं असतं. भाजी घेताना बाया विचारतात, बाई, पाणी कसं आहे? मी सांगते, चांगलं आहे, बिनधास्त प्या. कुणाला बाळ झालं की मला विचारतात. माझ्या शब्दावर पितात गं ती माणसं." तिने एप्रन काढला आणि घडी घालायचा प्रयत्न केला. घडी बसेना, तेव्हा तो टेबलावर टाकला. ताईने कुठली वस्तू टाकलेली मी पहिल्यांदा पाहिली. "आणि आता जाऊन काय सांगू? की मी बाटली फार स्वच्छ ठेवत होते?"

मी तिच्यावर चिडले. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं आणि ते टाळायला मी चिडले. म्हणाले, की तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. ती म्हणाली, सांग. मग ते विचारतील, दरवेळी असंच केलं का? आणि मी म्हणेन, आठवत नाही. बघू मग तुझा गुणक कसा लागतो.

ती बरोबर होती. सगळी गोम तिथेच होती. चूक दरवेळी एकसारखी झाली असेल तरच तिला गुणक लागतो. कधी टाकलं, कधी घेतलं असं असेल तर आकड्यांचा कचरा. आणि हे सांगू शकणारं जगात एकच माणूस होतं.

संध्याकाळी ताई आत ओटा पुसत होती. मी पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत. भावोजींना काय झालंय ते कळेना. शेवटी त्यांनी पेपर खाली ठेवला आणि मला हळूच विचारलं, "अगं, दोघींपैकी नापास कोण झालं, एवढं तरी सांग. म्हणजे कुणाशी गोड बोलायचं ते मला कळेल."

मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. आतून ताईचा आवाज आला, "मी झाले. आणि गोड बोललात तर याद राखा."

गुरुवारी आम्ही दोघी एकाच बसने गेलो. ती खिडकीशी, मी तिच्या शेजारी, मध्ये पिशवी. तिने काय ठरवलंय ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण उत्तर ऐकायची माझी छाती होत नव्हती. माझं काय ठरलं होतं? काहीच नाही. आकडे लपवायचे तर मी या धंद्यात कशाला राहायचं, आणि ताईला उघडं पाडायचं तर तिची बहीण कशाला राहायचं? बसच्या प्रत्येक थांब्यावर माझं मत बदलत होतं.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल, भिंतीवर पडदा, पडद्यावर ताईची वर्षं एकाखाली एक. अध्यक्षबाई नेमक्या बोलणाऱ्या. त्यांनी सरळ मलाच विचारलं, "तुम्ही दोन्हीकडचं काम पाहिलंय. फरकाचं कारण मिळालं?"

मी उभी राहिले. "मिळालं" म्हणावं तर ताई शेजारी, "नाही" म्हणावं तर पडदा समोर. किती वेळ गेला कुणास ठाऊक. अध्यक्षबाईंच्या भुवया वर गेल्या. तेवढ्यात कुणीतरी माझी ओढणी खाली ओढली.

"बस, भिंगरी," ताई म्हणाली आणि स्वतः उभी राहिली.

तिने सगळं सांगितलं. नरसाळं, बाटली, सॉल्व्हंट, निळा डबा. कुठेही "चुकून" हा शब्द वापरला नाही, "त्या काळी" म्हणाली नाही. मला मेळ कसा सापडला तेही सांगितलं, बेचाळीस आणि एकवीससकट.

समितीत एक वयस्कर सदस्य होते, फार मऊ स्वभावाचे. ताईची अवस्था त्यांना बघवेना. "बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "बावीस वर्षं म्हणजे थोडीथोडकी नाहीत. कधी टाकलं असेल, कधी पाण्यात ओतलंही असेल. कामाच्या धबडग्यात कुणाला आठवतं? नक्की सांगता येत नाही असं म्हटलंत तरी आम्ही समजून घेऊ. आकडे बाजूला ठेवू, विषय मिटेल."

त्या भल्या माणसाने दार सताड उघडून दिलं होतं. ताईने फक्त मान हलवायची होती. मी टेबलाखाली हाताच्या मुठी वळल्या. आत जा, ताई. नको जाऊस, ताई. दोन्ही मला एकाच वेळी वाटत होतं.

ताई त्यांच्याकडे अशी बघत होती, की जणू त्यांनी तिला गबाळी म्हटलं होतं.

"साहेब, कधी कधी नाही. दरवेळी. माझ्या लॅबमध्ये बाटलीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. ताप असताना आले, सुट्टीच्या दिवशी आले. विसळून टाकल्याशिवाय एकही बाटली मी फळीवर ठेवली नाही. माझी चूक एकदासुद्धा चुकली नाही. लिहून घ्या, आणि लावा गुणक."

अध्यक्षबाईंनी खूण केली. संगणकावर बसलेल्या माणसाने एक बटण दाबलं आणि पडद्यावरचा रकाना वरपासून खालपर्यंत बदलला. चाळीसचे साठ झाले, बेचाळीसचे त्रेसष्ट. एकेक वर्ष लाल होत गेलं. ताईने एकही वर्ष न चुकवता वाचलं. मला तिचा इतका अभिमान वाटत होता आणि इतकं वाईट वाटत होतं, की दोन्हींना एका छातीत जागा पुरेना.

"गावाला तसं कळवावं लागेल," अध्यक्षबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "पत्र काढू आम्ही. तुमचं नाव घालायची गरज नाही."

"पत्र मागून येऊ दे," ताई म्हणाली. "आधी मी जाऊन सांगते."

तिने पिशवी उचलली. मीही घाईघाईने उठले, खुर्ची पाडली, तिच्यामागे दारापर्यंत गेले. "थांब, मी पण येते. दोघी मिळून सांगू."

तिने दारातच मला अडवलं.

"तू नको येऊस," ती म्हणाली. "माझे आकडे आहेत ते."